धुक्यामुळे मामाकडे

इंदूरच्या विमानतळासमोर टॅक्सी थांबली, तेव्हा समोर विमानतळ नव्हताच. "आ गया, मैडम," ड्रायव्हर म्हणाला. काच खाली करून पाहिलं तर पांढरंफटक धुकं, त्यात दोन पिवळे दिवे आणि कुठूनतरी येणारी हातगाडीच्या चाकांची कुरकुर. येताना विमानातून बिजासनची टेकडी छान ठसठशीत दिसली होती. आता तिचा मागमूस नव्हता. माळव्यातल्या जानेवारीबद्दल ऐकून होते. पण मुंबईच्या पातळ शालीवर निघालेली मी, बॅग उचलून आत पोचेपर्यंत कुडकुडायला लागले.

बरोबर माझे वरिष्ठ होते, सबनीससाहेब. आमची कंपनी रंगीत टीव्ही विकते. बाजार खुला झाला, परदेशी भागीदार मिळाला आणि मुंबई-पुण्यापलीकडचीही गिऱ्हाइकं हवीशी वाटू लागली, तेव्हा इंदुरात विक्रेता नेमायला आम्ही दोघं आलो होतो. काम झालं होतं. विक्रेत्यानं आमचं आदरातिथ्य मन लावून केलं. सकाळी पोहे-जलेबी, पोह्यांवर शेव आणि जिरावन (भुरभुरायचा चटकदार मसाला). रात्री सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत गराडू (हिवाळ्यात मिळणारा कंद, तुकडे तळून वर लिंबू पिळलेला) आणि भुट्ट्याचा कीस. सबनीससाहेब म्हणाले, "या गावात बदली झाली तर माझं वजन दुप्पट होईल."

त्या विक्रेत्याचं दुकान स्नेहलतागंजपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि स्नेहलतागंजमध्ये माझा सख्खा मामा राहतो. मी त्याच्याकडे गेले नव्हते.

वेळ नव्हता असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. बापूमामा इथल्या कापड गिरणीत विणाई खात्यात जॉबर होता, म्हणजे मुकादम. गिरणी बंद पडली. त्यानंतर एका लग्नात भेटला तेव्हा मांडवाच्या कडेला मला गाठून म्हणाला होता, "तुमच्या कंपनीत माझ्यासारख्याला काही असेल तर बघ ना, बेटा." मी "बघते, मामा," म्हटलं आणि बघितलं नाही. ऑफिसात कुणाला विचारायचं, काय म्हणून विचारायचं, या विचारातच ते राहून गेलं. पुढे आईकडून कळलं की मामाला सांवेर रोडवर एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं काम लागलं. मला हायसं वाटलं. तरी त्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे त्या मांडवातल्या बोलण्याची आठवण दोघांनाही होणार. ते नको, म्हणून मी मुंबईहून निघताना कळवलंच नाही.

विमानतळाचा हॉल लहानसा होता. विमान दिल्लीहून भोपाळमार्गे येणार, आणि दिल्लीत इथल्याहून दाट धुकं. फळ्यावर खडूनं लिहिलेली वेळ एक कर्मचारी ओल्या फडक्यानं पुसायचा आणि नवी लिहायचा. प्रत्येक वेळी प्रवासी उठून जवळ जायचे आणि परत येऊन बसायचे. एका मारवाडी आजींनी पेटीवर शाल पसरून त्यावर सरळ आडवं होणं पसंत केलं. मलाही तेच करावंसं वाटत होतं.

"चाय, साहब?"

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी मान वर केली. मरून रंगाचं जाकीट, छातीवर कँटीनच्या ठेकेदाराचा बिल्ला, हातात कपांचा ट्रे. समोर बापूमामा उभा होता.

त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. मग त्यानं सबनीससाहेबांना कप दिला, ट्रे माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "मैडम, आप?"

मी म्हणाले, "हां, एक."

कप घेतला. तो पुढच्या रांगेकडे गेला. मी चहा प्यायले, आणि तो कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही. तो स्वतःला लपवत होता की मला सांभाळून घेत होता, हेच मी मनात उलटसुलट करत बसले. उठून "मामा" म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण शेजारी साहेब होते. इतकी वर्षं एकटी बाई म्हणून या कंपनीत मी जे काही थोडं वजन मिळवलं होतं, ते त्या क्षणी मला फार किमती वाटलं.

दुसऱ्या फेरीत गोष्ट आणखी बिघडली. चहा गार म्हणून साहेबांनी चुटकी वाजवून त्याला बोलावलं. मामाच्या तोंडून निघून गेलं, "आत्ता गरम करून आणतो."

"अरे, तुम्ही मराठी!" साहेब खूश झाले. ते मनानं वाईट नाहीत; फक्त त्यांना बोलायला माणूस लागतं. "इथलेच का?"

"हो साहेब. आजोबांपासून इथेच."

"आधीपासून कँटीनमध्येच?"

"नाही. मिलमध्ये होतो. बंद झाली."

"ती बंद पडणारच होती हो," साहेब म्हणाले. "जुनी यंत्रं, जुनी डोकी. किती दिवस सरकारनं पोसायचं? माणसानं काळाबरोबर नवं काही शिकलं पाहिजे. काय वृंदा?"

मी मान हलवली, होकारार्थी.

मामानं रिकामे कप उचलले. "खरं आहे, साहेब," म्हणाला आणि गेला. त्याच्या मानेवर मफलरच्या वर पांढऱ्या केसांची एक ओळ दिसत होती. लहानपणी सुट्टीत मी इथे यायचे, तेव्हा सायकलवर त्याच्यामागे बसून ही मान बघत सगळं इंदूर फिरलेली.

दुपारी धुकं विरलं, ऊन पडलं, टेकडीही दिसू लागली. पण दिल्लीतून विमान निघालंच नाही. फळ्यावर "रद्द" असं लिहिलं गेलं. थोडी आरडाओरड झाली. विमानकंपनीनं प्रवाशांना हॉटेलात न्यायला बस आणली. साहेब बॅग घेऊन उठले.

"साहेब, माझे नातेवाईक आहेत इथे. मी तिकडे जाते," मी म्हणाले. एवढं म्हणायलाही मी बस दाराशी येईपर्यंत वाट पाहिली होती.

बस गेल्यावर मी कँटीनच्या मागच्या बाजूला गेले. मामा नळाखाली कप विसळत होता. पाणी बर्फासारखं असणार. त्याची बोटं लाल झाली होती.

"मामा."

त्यानं नळ बंद केला. "साहेब गेले का?" आधी हेच विचारलं. मग, "कधी आलीस, बेटा?"

"परवा."

त्यानं ओले हात जाकिटाला पुसले. "हां. काम असतं," म्हणाला. "चल, घरी चल. मामी खूश होऊन जाईल. पण वृंदा, एक गोष्ट. घरी हे माहीत नाहीये."

"हे म्हणजे?"

त्यानं जाकिटाकडे बोट दाखवलं. "पाइपच्या फॅक्टरीत लागलो होतो, ते खरं. थोड्याच दिवसांत त्यांनी माणसं कमी केली. मग हे मिळालं. घरी सांगायचं राहून गेलं. रेखाचं सासर गावातलंच. मिलचा जॉबर म्हणून त्यांनी आमच्याशी सोयरीक केली. आता तिचा बाप ट्रे घेऊन फिरतो म्हटलं तर... तू समजून घे."

मी म्हणाले, "मी नाही सांगणार."

त्यानं जाकीट काढून घडी घातली, पिशवीत तळाशी ठेवली आणि वर मफलर दाबला. मोपेडवर मी मागे बसले, बॅग मांडीवर. वाटेत एका चौकात तो सरळ न जाता गल्लीत वळला. "सरळ गेलो तर मिलचं फाटक लागतं," गार वाऱ्यात मान मागे करून तो ओरडला. "मिलमधले आपले लोक बसलेले असतात तिथे रोज. थांबवतात."

स्नेहलतागंजमधलं घर तसंच होतं, दोन खोल्या आणि पुढे लोखंडी जिना. शैलामामी दार उघडून क्षणभर बघतच राहिली. मग तिनं मला अशी घट्ट धरली की माझी बॅग जिन्यावर आडवी झाली.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "हिचं विमान रद्द झालं. विमानतळावरून फॅक्टरीत फोन केला हिने आणि तिथेच आली. म्हणाली, मामा, मला घरी यायचंय."

"बघा!" मामी त्याच्यावर वळली. "मी काय म्हणत होते? वृंदा इंदूरला आली न, तर सीधी घरीच येईल. तुम्हीच म्हणत होता की मोठी ऑफिसर झाली, आता कुठली येते. घ्या!"

मामानं माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे नाही.

त्या संध्याकाळी मामीनं जे केलं ते लिहायलाच हवं. ताज्या मटारची उसळ, मक्याची रोटी, मेथी, वर गूळ-तूप. "खाऊन घे, अजून एक घे, आत्ता खाल्लंच काय तू?" असं म्हणत ती वाढत राहिली. शेजारच्या दुबेबाईंना बोलावून आणलं. "ही माझी भाची, बंबईची. हवाई जहाज में घूमती है." दुबेबाईंनी माझ्या साडीचा पदर चिमटीत धरून पाहिला आणि पसंतीची मान हलवली.

जेवताना मामी म्हणाली, "मग फॅक्टरी बघितलीस का यांची? तिथूनच घेऊन आले न तुला?"

"हो," मी म्हणाले.

"कशी आहे गं? मला नेतच नाहीत. म्हणतात, धूळ असते, बायकांनी यायची जागा नाही."

मामा पानातली मेथी बोटानं एका बाजूला करत होता.

"मोठी आहे, मामी. पण धूळ आहे खरी."

"आणि यांना टेबल-खुर्ची आहे?"

"आहे."

"लोक मान देतात?"

"देतात," मी म्हणाले आणि उसळीसाठी वाटी पुढे केली.

सकाळी मला जाग आली तेव्हा मामा निघून गेला होता. "सांवेर रोड लांब पडतं न, अंधारातच निघतात बिचारे," मामी म्हणाली. माझ्यासाठी डब्यात ती लाडू भरत होती. मी निघायच्या तयारीला लागले, तर तीही आरशासमोर उभी. ठेवणीतली जांभळी साडी, त्यावर शाल.

"मी येते तुला सोडायला," ती म्हणाली. "विमान मी आकाशातच बघितलंय. जवळून किती मोठं असतं गं? दुबेबाई सांगत होत्या, सोडायला आलेल्यांनाही तिकीट काढलं की हॉलमध्ये बसता येतं."

हॉलमध्ये ट्रे घेऊन फिरणारा मामा डोळ्यांसमोर आला.

"नको, मामी. आज आत सोडत नाहीत."

"बाहेरून बघेन."

"बाहेरूनही काही दिसत नाही. धुकं आहे."

"आता तर ऊन निघतंय." तिनं खिडकीकडे हात केला. खरंच निघत होतं.

"मामी, खूप गर्दी असते. मला साहेबांबरोबर काम असेल. तुम्ही तिथे काय करणार?" माझा आवाज ऑफिसातल्यासारखा निघाला, फाइल परत पाठवतानाचा.

मामीनं स्वतःच्या साडीकडे पाहिलं, शालीच्या एका उसवलेल्या टोकाकडे पाहिलं. ते टोक तिनं आत खोचलं.

"हां, बरोबर आहे," ती म्हणाली. "तुझे साहेब असतील. मोठी माणसं असतील. मी कुठे तिथे."

तसं नाही, मामी. हे तीन शब्द माझ्या ओठांवर होते. पण तसं नाही तर मग कसं, हे तिनं विचारलं असतं. मी बॅग उचलली. ती रिक्षापर्यंत आली, डबा माझ्या हातात दिला, आणि रिक्षा वळेपर्यंत हात हलवत उभी राहिली, त्या ठेवणीतल्या साडीत.

विमानतळापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. एवढंच डोक्यात होतं की काल मी मामाला ओळखलं नाही आणि आज मामीला स्वतःची लाज वाटायला लावली, म्हणजे खरं तर मला तिची लाज वाटते असं तिला वाटू दिलं. काहीतरी निस्तरायला हवं होतं. लगेच, आजच.

हॉलमध्ये सबनीससाहेब वर्तमानपत्र वाचत होते. आज विमान येणार होतं; भोपाळहून निघाल्याचं कळलं होतं. मामा ट्रे घेऊन आमच्या रांगेत आला. कालच्यासारखाच म्हणाला, "चाय, साहब?"

मी उभी राहिले. "साहेब," मी मोठ्यानं म्हणाले, "हे माझे मामा. माझ्या आईचे सख्खे भाऊ." आणि वाकून मी त्याच्या पायांना हात लावला.

त्यानं पाय मागे ओढले. ट्रे कलंडला, एक कप घरंगळून फुटला. सगळा हॉल बघायला लागला. साहेब गडबडून उठले; त्यांचा चेहरा पार उतरला होता. "अरे, नमस्कार, नमस्कार. काल बोलला नाहीत. बसा ना," त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. मामा त्या जाकिटात तिथे बसू शकत नव्हता. तो ट्रे छातीशी धरून उभा राहिला, आणि काचा गोळा करायला वाकायचं की नाही हे त्याला कळेना.

गल्ल्यावरून ठेकेदार ओरडला, "क्या भिया (भाऊ), भांजी हवाई जहाज में उड़ रही है और आप यहाँ चाय बाँट रहे हो? बताया नहीं कभी!" त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरोखरच गंमत वाटली होती. दोन-तीन प्रवासी हसले.

मामा हसला नाही. काचा उचलून तो मागे गेला. मी त्याच्या पाठोपाठ गेले.

"मामा, मला राहवलं नाही. काल मी..."

"हा ठेकेदार दुबेबाईंचा भाचा आहे," मामा म्हणाला. "घरी येणं-जाणं आहे त्याचं. मी कोण ते ओळखतो, पण घरी सांगून देऊ नको म्हणून हात जोडले होते त्याला. आता त्याला हे एवढं मजेदार मिळालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचेल."

दुबेबाईंना कळलं म्हणजे मामीला कळलं.

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं नळ सोडला, काच लागलेलं बोट धुतलं. "काल ओळख नाही दाखवलीस, ते बरं होतं गं बेटा," तो म्हणाला.

बाहेर विमान उतरल्याचा आवाज आला. नावं पुकारायला लागले. मी त्याला पुन्हा वाकून नमस्कार करणार होते, पण केला नाही. नुसती "येते" म्हणाले. तो म्हणाला, "पोचल्यावर कळव."

विमान वर चढलं तेव्हा खाली गव्हाची शेतं हिरवीगार चमकत होती, आणि गावाच्या कडेनं विरत गेलेल्या धुक्याच्या पट्ट्या. किती सुंदर होतं सगळं. साहेबांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "परवा आपण नेमलेल्या माणसाला गोदामासाठी कुणी हवंय का, विचारू का?"

"विचारा," मी म्हणाले. मांडवात मामानं माझ्याकडे मागितला होता तो एवढाच शब्द. त्यांनी मुंबईत पोचताच फोन केला, खरंच केला. विक्रेत्यानं सांगितलं की त्याला तरुण मुलगा हवा आहे.

ठाण्याला घरी पोचले तर आई दारातच उभी. विमान रद्द झाल्याचं मी फोनवर कळवलं होतं आणि रात्री मामाकडे होते हेही. "कसा आहे बापू? सांवेर रोडचं काम बरं आहे का?"

"बरं आहे," मी म्हणाले. "टेबल-खुर्ची आहे."

आईनं डबा उघडून लाडू हुंगला आणि तिचे डोळे भरून आले.

आठवड्याभरानं मामीचा फोन आला, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"वृंदा, ऐकतेयस न? मी विमान बघितलं!"

"कुठे?"

"अगं, तिथेच. यांनी नेलं मला. तू गेलीस त्याच दिवशी संध्याकाळी घरी आले, जाकीट घालूनच आले, आणि सगळं सांगून टाकलं. मी दोन दिवस बोलले नाही. मग म्हणाले, चल, तुला दाखवतो कुठे काम करतो ते. काचेजवळ खुर्ची दिली, चहा दिला. कित्ती मोठं असतं गं! आणि रेखाच्या सासरी मीच जाऊन सांगून आले. काय खाऊन टाकतात का कुणी?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आणि ऐक," मामीचा आवाज खाली आला. "तू मला येऊ का दिलं नाहीस, ते समजलं. तू त्यांच्यासाठी करत होतीस. आणि मी मूर्ख, भलतंच मनात आणलं, की हिला आपली लाज वाटते. माफ कर हं मला. जी मुलगी विमान रद्द झाल्याबरोबर मामाचं घर शोधते, तिच्याबद्दल असं मनात आणायचं का कुणी?"

बूथवाल्यानं वेळ संपत आल्याचं सांगितलं असावं; तिनं घाईघाईनं "पुन्हा ये" म्हटलं आणि फोन बंद झाला.

मी रिसीव्हर खाली ठेवला. मामानं तिला सगळं सांगितलं होतं. पाइपची फॅक्टरी, जाकीट, फुटलेला कप, सगळं. विमान रद्द व्हायच्या दोन दिवस आधीपासून मी इंदुरात होते आणि घरी गेले नव्हते, एवढं एकच त्यानं सांगितलं नव्हतं.